वेगवान वाहन, त्याचा चालक आणि बलाचे गणित : एका प्रसिद्ध उदाहरणाची समीक्षा

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील यामिकीच्या अध्यापनात वेगवान वाहनाचे त्वरण व त्यावरील बल काढण्याची उदाहरणे अपरिहार्य मानली जातात. ताशी किलोमीटरचे सेकंदास मीटर करावे, काळाने भागावे, वस्तुमानाने गुणावे आणि उत्तरापुढे न्यूटन लिहावे, ही वाट सर्वांच्या परिचयाची आहे. साहित्यकृतीची समीक्षा होते, तशी पाठ्यपुस्तकातील उदाहरणाची सहसा होत नाही. वस्तुतः उदाहरणातही काय सांगितले आणि काय वगळले, याला अर्थ असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका उदाहरणाचा विचार केला आहे.

उदाहरण आणि त्यामागील घटना

हॅलिडे, रेस्निक व वॉकर यांच्या 'फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स' या ग्रंथात कर्नल जॉन स्टॅप यांच्यावर एक उदाहरण आहे. रॉकेटच्या साहाय्याने रुळांवरून धावणारी त्यांची स्लेजगाडी ताशी १०२० किलोमीटर वेगावरून १.४ सेकंदांत थांबली. तर त्यांना किती 'जी' इतके त्वरण सोसावे लागले? वेग सेकंदास सुमारे २८३ मीटर, त्यास १.४ ने भागता ऋण त्वरण सुमारे २०२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजेच जवळपास २१ जी. उत्तर अचूक आहे आणि विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात.

मूळ घटना १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, हॉलोमन हवाई दल तळावर घडली. स्टॅप स्वतः वैद्यक होते आणि मानवी शरीर किती आघात सहन करू शकते याचा शोध ते स्वतःच्याच शरीरावर घेत होते. त्या दिवशी उपकरणांनी नोंदविलेले कमाल ऋण त्वरण होते ४६.२ जी. त्यांच्या डोळ्यांत रक्तस्राव झाला व काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती पुढे परतली.

२१ आणि ४६.२ या दोन आकड्यांमधील अंतर हाच या समीक्षेचा मुख्य विषय आहे.

सरासरी आणि शिखरमूल्य

२१ जी ही सरासरी आहे. प्रत्यक्षात गाडी थांबताना त्वरण क्षणोक्षणी बदलते. त्वरण-काल आलेखाखालील क्षेत्रफळ एकूण वेगबदलाइतके असते; आलेखाचा आकार मात्र कोणताही असू शकतो. हा आकार आयताऐवजी त्रिकोण मानला, तर शिखरमूल्य सरासरीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४१ जी येते. एवढ्या साध्या बदलाने आपण नोंदविलेल्या मूल्याच्या बरेच जवळ पोहोचतो. यासाठी कलनशास्त्राची गरज नाही. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे शालेय सूत्र पुरेसे आहे. चालकाचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम धरल्यास सरासरी बल सुमारे १५,२०० न्यूटन, तर कमाल बल सुमारे ३४,००० न्यूटन होते. पट्टा तुटणार की टिकणार, हाड मोडणार की नाही, हे ठरविताना केवळ सरासरीवर विसंबता येत नाही.

चालक कोठे आहे?

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. उपरोक्त उदाहरण गतिविषयक प्रकरणात येते. तेथे चालक आहे, पण बल नाही. त्याच ग्रंथात बलाच्या प्रकरणात ५०० किलोग्रॅमच्या स्लेजगाडीचे दुसरे उदाहरण आहे. ती १.८ सेकंदांत ताशी १६०० किलोमीटर वेग गाठते. उत्तर सुमारे १.२ लक्ष न्यूटन. येथे बल आहे, पण चालक नाही. अशा रीतीने माणूस एका प्रकरणात राहतो आणि बल दुसऱ्या प्रकरणात.

दोहोंना एकत्र आणले, की खरा प्रश्न उभा राहतो : गाडीवर ब्रेकचे बल कार्य करते, चालकावर कोणते? स्टॅप यांना थांबविले ते पट्ट्यांनी. जडत्वामुळे शरीर पुढे जाऊ पाहते आणि पट्टे त्यास रोखतात. मात्र डोळ्यांना व त्यांतील रक्ताला कोणताही पट्टा बांधलेला नसतो. चालकास बिंदुरूप कण मानणारे गणित इथे अपुरे पडते.

हाच विचार रस्त्यावरील मोटारीस लागू करून पाहावा. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली आणि तिचा पुढील भाग ०.६ मीटर चेपला, असे मानू. सीटबेल्ट लावलेला चालक मोटारीबरोबरच थांबतो असे धरल्यास त्याचे सरासरी ऋण त्वरण ३४ जी, बल सुमारे २५,००० न्यूटन. सीटबेल्ट नसलेला चालक त्याच वेगाने पुढे जाऊन डॅशबोर्डवर आदळला आणि ६ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर बल दहापट : अडीच लक्ष न्यूटन. वाहन तेच, वेग तोच, वस्तुमान तेच. बदलले ते केवळ थांबण्याचे अंतर. वाहनावरील बल काढून थांबणाऱ्या उदाहरणात हा फरक कधीच दिसत नाही.

निष्कर्ष

सदर ग्रंथाची थोरवी नाकारण्याचा येथे हेतू नाही. सोपे प्रारूप हे अध्यापनाचे पहिले पाऊल असते; दोष ते शेवटचे पाऊल मानण्यात आहे. स्टॅप यांनी पुढे मोटारीतील सीटबेल्टचा सातत्याने पुरस्कार केला आणि १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्या वेळी ते उपस्थित होते. त्यांच्या प्रयोगाचा हा उत्तरार्ध उदाहरणात उरत नाही. उरतो तो फक्त एक आकडा. भारतातही १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही मोटारींच्या सुरक्षा-मूल्यांकनाची योजना सुरू झाली आहे. तिच्या समोरून धडकेच्या चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळविली जाते आणि आत बसविलेल्या पुतळ्यांवरील आघात मोजला जातो. मोजमाप वाहनापाशी न थांबता आतील देहापर्यंत पोहोचते.

म्हणून अशा प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी अध्यापकाने तीन प्रश्न जोडावेत : काढलेले मूल्य सरासरी की कमाल? बल कोणावर आणि कशामार्फत? थांबण्याचे अंतर किती? त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही. तासिकेतील पाच मिनिटे पुरेत. उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी त्याच सायंकाळी सीटबेल्ट न लावता मोटारीत बसत असेल, तर त्याला सूत्र आले, बल मात्र समजले नाही, असेच म्हणावे लागेल.