मुळाला हात घालणारी ओळ

रूबी भाषेतली ही ओळ पाहा:

नाव << "कर"

आणि तिच्या शेजारी ही:

नाव += "कर"

रूबीला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, तेव्हा या ओळी अशाच्या अशा चालवून बघता येतील. 'नाव'मध्ये आधी "केळ" असेल तर दोन्हींनंतर "केळकर" होतं. वरवर काहीच फरक नाही. आता याच ओळी एखाद्या मेथडच्या पोटात टाका, "केळ" बाहेरून आत पाठवा, आणि मेथड संपल्यावर बाहेर काय उरलंय ते तपासा. पहिल्या ओळीने बाहेरच्याचाही केळकर करून टाकलेला असतो. दुसरीनंतर तो अजून केळच!

मेथडला ऑब्जेक्ट पाठवताना त्याची नक्कल निघत नाही. आत जातो तो मूळ ऑब्जेक्टच. आत त्याला आणखी एक नाव मिळतं, इतकंच. पहिली ओळ त्या ऑब्जेक्टलाच हात घालते. दुसरी नवी स्ट्रिंग घडवते आणि आतलं नाव तिला देते, बाहेरचं नाव जुनीलाच धरून बसतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७०च्या दशकात एमआयटीत 'क्लू' ही भाषा घडवताना या रीतीला 'कॉल बाय शेअरिंग' म्हटलं होतं. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली रूबी लोकांपुढे आणली तेव्हा ही रीत काही नवी नव्हती. रूबीची स्वतःची चव लागते ती ब्लॉकमध्ये, म्हणजे मेथडच्या सोबत दिलेल्या कोडच्या तुकड्यात.

एका परिच्छेदातले शब्द मोजायचे आहेत. न आलेल्या शब्दाला शून्य सांगणारा एक हॅश घेतला आणि ब्लॉकमध्ये लिहिलं:

मोजणी[शब्द] += 1

हे 'इंजेक्ट'ला दिलं (हे नाव स्मॉलटॉककडून आलेलं) तर दुसऱ्याच शब्दाला प्रोग्रॅम कोसळतो. इंजेक्टची अट अशी, की ब्लॉक शेवटी जे परत देईल तेच पुढच्या फेरीत 'मोजणी' म्हणून हाती येईल. वरची ओळ परत देते तो आकडा, हॅश नव्हे. गणपतीची वर्गणी मागत फिरणाऱ्या पोराने पहिल्या घरी वही दिली, घरच्यांनी रक्कम लिहून त्याच्या हातावर फक्त नोट ठेवली, आणि हा पुढच्या दारात ती नोटच वही म्हणून पुढे करतो, तसं. म्हणून जुने लोक ब्लॉकच्या शेवटी नुसतं 'मोजणी' असं पुन्हा लिहीत: वही परत द्या हो!

'ईच विथ ऑब्जेक्ट' ही मेथड १.९ मालिकेत आली आणि तिने ही कटकट मिटवली. ब्लॉक काय परत देतो याकडे ती ढुंकून बघत नाही. प्रत्येक दाराशी तीच वही, आणि शेवटी मंडळाच्या हाती तीच वही. ब्लॉकने मूळ ऑब्जेक्ट बदलावा हाच इथला करार आहे, आणि तो मेथडच्या नावातच उघडपणे सांगितलेला आहे. मला ही मेथड आवडते ती यासाठी. (ब्लॉकला मिळणाऱ्या दोन गोष्टींचा क्रम मात्र इंजेक्टच्या नेमका उलटा. हा खोडसाळपणा मी अजून माफ केलेला नाही.)

मूळ बदलणार की नाही हे ओळखायला मेथडच्या नावाशेवटच्या उद्गारचिन्हावर मात्र फार विसंबू नये. 'अपकेस' नवी स्ट्रिंग देते, 'अपकेस!' मूळच बदलते, हे खरं. पण 'क्लिअर' आणि 'रिप्लेस' कसलंही चिन्ह न लावता मूळ बदलून मोकळ्या होतात. शिवाय बदलण्याजोगं काही नसेल तर 'अपकेस!' हातावर 'निल' ठेवते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे बिचाऱ्या केळकरांच्या वाट्याला नेहमी निलच.

'ईच विथ ऑब्जेक्ट'ला हॅशऐवजी नुसतं शून्य द्या आणि ब्लॉकमध्ये आकड्यांची बेरीज करत जा. चूक कुठेच दाखवली जात नाही, आणि उत्तर येतं शून्य. आकडा हा बदलता न येणारा ऑब्जेक्ट. 'बेरीज += आकडा' दर फेरीत नवा आकडा घडवतं, तो ब्लॉकपुरता जगतो, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच कोरं शून्य येतं. बेरजेला 'सम' आहे, शब्द मोजायला २०१९च्या २.७ आवृत्तीपासून 'टॅली' आहे. पण मोजता मोजता शब्द पहिल्यांदा कुठल्या ओळीत आला तेही टिपायचं असलं, की मला अजून वर्गणीची वहीच लागते.