बळ, निष्ठा आणि निवासी शाळा : टी. एच. व्हाइट यांच्या आर्थर-कथेचे एक वाचन

टी. एच. व्हाइट (१९०६-१९६४) या इंग्रज कादंबरीकाराचा जन्म मुंबईचा. त्यांचे वडील हिंदुस्थानातील ब्रिटिश पोलीस सेवेत अधिकारी होते. पुढे इंग्लंडात शिक्षण घेऊन शिक्षकी पेशा पत्करलेल्या या लेखकाची 'द वन्स अँड फ्यूचर किंग' ही बृहत् कादंबरी थॉमस मॅलरी याच्या 'ल मोर्त दार्थर' या, कॅक्स्टनने १४८५ साली छापलेल्या, ग्रंथावर आधारलेली आहे. तिचा पहिला भाग 'द सोर्ड इन द स्टोन' १९३८ साली प्रसिद्ध झाला आणि चारही भाग एकत्रितपणे १९५८ साली वाचकांसमोर आले. जादूगार, शूर सरदार आणि दगडात रुतलेली तलवार असा सारा सरंजाम असल्याने तिची गणना पुष्कळदा बालवाङ्मयात केली जाते आणि तेथेच तिचा विचार थांबतो. वस्तुतः ही एका शाळामास्तराने लिहिलेली राजनीतीची कादंबरी आहे. दांडगाई केवळ बळावर टिकत नाही, ती आपल्या माणसांच्या निष्ठेवर टिकते, हे तिचे खरे सूत्र होय.

व्हाइट यांचे शालेय शिक्षण चेल्टनहॅम कॉलेज या निवासी शाळेत झाले. तेथील छडीच्या माराचा कडवटपणा त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे १९३२ ते १९३६ या काळात ते स्वतः स्टो या निवासी शाळेत इंग्रजीचे अध्यापक होते. इंग्लंडातील या जुन्या शाळांची अंतर्गत रचना सरंजामशाहीशी विलक्षण जुळणारी होती. धाकट्यांनी वरच्या वर्गातील मुलांची चाकरी करावी, मोठ्यांनी त्यांना संरक्षण द्यावे किंवा मनात येईल तेव्हा झोडपावे; आणि काहीही झाले तरी शिक्षकाकडे तक्रार जाऊ नये, हा तेथील मानमर्यादेचा पहिला नियम. स्वामी आणि सेवक यांच्यातील इमानाचे मध्ययुगीन नाते विसाव्या शतकात कोठे जिवंत होते, तर ते या वसतिगृहांच्या जिन्यांवर होते. व्हाइट यांना मॅलरीची कथा जवळची वाटली, तिला हे एक कारण असावे.

पहिल्या भागात मर्लिन हा गुरू बाल आर्थरला, म्हणजे 'वॉर्ट'ला, निरनिराळ्या प्राण्यांची रूपे देऊन शिकवतो. खंदकातला राजा असलेला पाईक मासा त्याला बळ हेच सत्य असल्याचा धडा देतो. हा धडा उघड आहे. त्याहून सूक्ष्म आहे तो शिकारी ससाण्यांच्या दालनातील प्रसंग. हे दालन म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांचा भोजनकक्ष आणि शाळेचे वसतिगृह यांचे बेमालूम मिश्रण होय. नव्याने आलेल्या वॉर्टला प्रथम प्रश्न विचारले जातात आणि नंतर कसोटी म्हणून कली या वेड्या, हिंस्र बाजाच्या (गॉसहॉकच्या) आवाक्यात उभे केले जाते. इतर पक्ष्यांची घुंगरे तीनदा वाजेपर्यंत त्याने तेथून हलायचे नाही. कली वेडा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कोणी मध्ये पडत नाही, कारण परंपरा तशी आहे. वॉर्ट वाचतो, त्याचे कौतुक होते, त्याच्या सन्मानार्थ गाणे म्हटले जाते आणि तो आनंदून जातो. बहुतेक वाचक येथे हसतात. मात्र या आनंदातच प्रसंगाची खरी धार आहे. ज्याचा छळ झाला त्याला सामावून घेतले की छळ ही दीक्षा ठरते आणि दीक्षा मिळालेला पुढच्या वेळी घुंगरे वाजवायला सज्ज होतो.

वॉर्टचा मानलेला भाऊ केय हा या संदर्भात विशेष पाहण्याजोगा. तो घराचा वारस, वॉर्ट मात्र कुळगोत्र नसलेला पोरका; ही जाणीव केय त्याला विसरू देत नाही. तरीही व्हाइट त्याला खलपुरुष करत नाहीत. वॉर्टने दगडातून उपसलेली तलवार आपणच काढली, असे केय प्रथम वडिलांना सांगतो आणि लगेच, त्यांच्या नजरेला नजर देत, आपण खोटे बोललो, हे कबूल करतो. कादंबरीतील हे पहिले खरे धैर्य आहे आणि ते दांडगाई करणाऱ्याच्या पदरी टाकले आहे, हे लक्षणीय होय. त्यानंतर बाप आणि भाऊ दोघेही वॉर्टपुढे गुडघे टेकतात, तेव्हा तो रडू लागतो. सत्ता मिळाली त्याच क्षणी त्याचे घर गेले. मॅलरीकडे हा प्रसंग वारसाहक्काच्या सिद्धीचा आहे. व्हाइट यांनी तो वियोगाचा केला.

राजा झाल्यावर आर्थर बळाचा प्रश्न बुद्धीने सोडवू पाहतो. सरदारांच्या दृष्टीने युद्ध म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीसारखा खेळ. मरतात ते पायदळातील गोरगरीब, चिलखतवाले खंडणी देऊन घरी जातात. आर्थर बेडग्रेनच्या लढाईत हा संकेत मोडून थेट सरदारांवरच रात्रीचा हल्ला करतो. बळ न्यायाच्या सेवेला लावावे, ही गोलमेजाची कल्पना येथूनच जन्मते. चांगली गोष्ट लोकांवर तलवारीने लादली तर काय बिघडले, असे केय विचारतो तेव्हा, काळात उलट जगणारा मर्लिन एका ऑस्ट्रियन माणसाचा दाखला देतो. या भागाचे प्रथम रूप १९३९ साली प्रसिद्ध झाले, हे लक्षात घेता हिटलरकडे केलेला हा निर्देश केवळ विनोद राहत नाही. पुढे शांतता नांदू लागताच गोलमेजाचे वीर क्रिकेटपटूंप्रमाणे आपापल्या द्वंद्वांच्या सरासऱ्या मोजू लागतात. बळाला सत्कार्य दिले, पण त्याची चटक गेली नाही. ही निवासी शाळांच्या खेळवेडावरील टीका आहे, हे सांगायला नकोच.

लान्सेलॉटचे चित्रण या सर्वांत गहन आहे. मॅलरीचा निष्कलंक वीर येथे कुरूप आहे आणि आपल्या मनातील क्रौर्याला भिणारा आहे. ग्वेनेव्हरवरील त्याच्या प्रेमाचा आरंभ, आपण तिला दुखावले, हे ध्यानात येण्यापासून होतो. तो दयाळू आहे, कारण आपण निर्दय होऊ शकतो हे त्याला ठाऊक आहे. व्हाइट यांच्या स्वतःच्या मनातही असाच झगडा होता, हे सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांनी १९६७ साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रावरून दिसते. परंतु पात्राचे मोल त्या माहितीवर अवलंबून नाही.

निष्ठेचा प्रश्न मात्र ऑर्कनीच्या भावंडांपाशी येऊन थांबतो. आईला खूश करण्यासाठी ही मुले स्वयंपाकघरातील मेग नावाच्या मुलीला आमिष म्हणून बळजबरीने रानात नेतात आणि ॲग्रव्हेन तेथे आलेल्या एकशिंग्याला रागाच्या भरात ठार करतो. धाकट्या गॅरेथला हे सोसत नाही. पण भाऊ तो भाऊच. अनेक वर्षांनी ॲग्रव्हेन आणि मॉर्ड्रेड राणीविरुद्ध कट रचतात, तेव्हा गवेन आणि गॅहेरिस यांच्यासह गॅरेथ त्यांना तोंडावर विरोध करतो. परक्या दांडग्याला अडवणे सोपे असते, त्यात टाळ्या मिळतात. आपल्याच रक्ताच्या माणसाला अडवणाऱ्याच्या वाट्याला फितुरीचा शिक्का येतो. गॅरेथ हे करतो, आणि पुढे राणीच्या शिक्षेच्या वेळी राजाज्ञेने, पण निःशस्त्र उभा राहतो. त्या धुमश्चक्रीत त्याला सरदारकीची दीक्षा देणाऱ्या लान्सेलॉटच्याच हातून, न ओळखता, त्याचा मृत्यू होतो. ॲग्रव्हेनचा वध पोटात घालणारा गवेन गॅरेथचा मृत्यू मात्र घालू शकत नाही आणि कुळाची निष्ठा राज्य बुडवते.

तत्पूर्वी आर्थरने बळाऐवजी कायद्याचे राज्य आणलेले असते. पण कायद्याला फिर्याद लागते, आणि येथे फिर्याद करतो मॉर्ड्रेड, ज्याला न्यायाशी काही कर्तव्य नाही. ज्यांना न्याय हवा, ते निष्ठेपोटी गप्प आहेत. महाविद्यालयीन अध्यापकांना ही कोंडी अपरिचित नाही. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ साली झाला. तरी वसतिगृहातल्या मुलाने आपल्याच 'सीनिअर'विरुद्ध अर्ज लिहावा, यासाठी केवळ कायदा पुरत नाही. अर्ज लिहिणारा आपल्या गटातून बाहेर पडत असतो, आणि त्या बाहेर पडण्याची भीती त्याला माराहून मोठी वाटते.

या कादंबरीवर एक आक्षेप घेणे आवश्यक आहे. खिजवला जाणारा पोरका मुलगा अखेरीस राजाच निघतो. त्यामुळे दुर्बळाने दुर्बळ राहूनच कसे उभे राहावे, या प्रश्नाला बगल मिळते. मेगला कोणी मर्लिन भेटत नाही. लढाईत मरणाऱ्या पायदळाला नावेही नाहीत. आर्थर त्यांच्यासाठी विचार करतो, पण त्यांच्याशी बोलत नाही. व्हाइट यांची सहानुभूती निःसंशय खरी आहे; तिची दिशा मात्र वरून खाली अशीच राहते, आणि चांगल्या मुख्याध्यापकाच्या दयेवर चालणाऱ्या शाळेची ही मर्यादा त्यांच्या राज्यालाही लागू पडते.

तरीही शेवटच्या प्रकरणात ते एक पाऊल पुढे जातात. चाबूक धरलेल्या मुठीचे चिन्ह मिरवणारी मॉर्ड्रेडची काळ्या वेषातील टोळी समोर आहे आणि सकाळी लढाई आहे. वृद्ध राजा टॉम नावाच्या पोरसवदा सेवकाला तंबूत बोलावतो. हा मुलगा म्हणजेच पुढचा थॉमस मॅलरी, अशी व्हाइट यांची कल्पना आहे. धनुष्यबाण घेऊन राजासाठी लढण्याची त्याची इच्छा आहे. त्याला शिकवलेले इमान तेच सांगते. राजा त्याला लढाईतून मुक्त करतो, गोलमेजाची हकिकत आठवणीत ठेवून घरी जाण्याची आज्ञा देतो आणि पोरगा ती पाळतो.