कुत्र्याचा व्यायाम आणि गुडघा: हा पेपर नेमकं काय सांगतो?

आज एक पेपर बारकाईने वाचूया. डेब्रा सेलन आणि डेनिस मार्सेलिन-लिटल यांचा, २०२२ साली ‘बीएमसी व्हेटरनरी रिसर्च’मध्ये आलेला. प्रश्न असा: अजिलिटी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या कुत्र्यांच्या गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट कशामुळे तुटतो? मालकांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली. लिगामेंट तुटलेले २६० कुत्रे, न तुटलेले १,००६. तोल सांभाळण्याचे आणि धडाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम ज्यांच्याकडून करून घेतले जात होते, त्या कुत्र्यांत ही इजा कमी दिसली.

काम चांगलंच आहे. एवढे कुत्रे एका दवाखान्यात कधीच मिळाले नसते. पण ‘कमी दिसली’ याचं ‘व्यायामाने टळली’ करायला आपण फार घाई करतो. मला खटकतं ते इथे.

पहिली गोष्ट. २६० भागिले १,२६६ करून ‘दर पाचात एका कुत्र्याचा लिगामेंट तुटतो’ असं लिहू नका. ज्यांच्या कुत्र्याला इजा झाली, ते अशी प्रश्नावली भरायला जास्त उत्सुक असणार. या आकड्यांतून दोन गटांची तुलना करता येते, इजेचं प्रमाण काढता येत नाही.

दुसरी. कुत्र्याला डगमगत्या फळीवर उभं करायला वेळ काढणारा मालक त्याचं वजनही बघत असेल, खेळाआधी त्याचं अंग मोकळं करून घेत असेल. मग गुडघा कशाने वाचला? फळीने, की मालकाच्या एकूण काळजीने?

तिसरी सगळ्यात मजेशीर. वरच्या पातळीवर स्पर्धा खेळणाऱ्या कुत्र्यांतही इजा कमी आढळली. म्हणजे स्पर्धा गुडघ्याला चांगली? असेलही. पण ज्यांचे गुडघे कच्चे होते, ते त्या पातळीपर्यंत पोचलेच नसतील, असंही असू शकतं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून सुटत नाही.

आता पिल्लांचं. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. मोठ्या जातींत ती पूर्ण हाड व्हायला वर्षाहून जास्त लागू शकतं. शर्यतीच्या कुत्र्यांवरचा निष्कर्ष तीन महिन्यांच्या पिल्लाला लावायचा आधार या पेपरात नाही. तसंच रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतात राखणीला असणारा गावठी कुत्रा. तो दिवसभर बांध आणि ढेकळं तुडवतो, त्याचा तोलाचा व्यायाम आपसूक होतो. तो या नमुन्यात नाहीच.

याची किंमत कुत्रा मोजतो. कुत्रा लंगडायला लागला की मालक असा मथळा वाचून घरीच व्यायाम सुरू करतो आणि पशुवैद्याकडे जायला उशीर होतो.

वाशिममध्ये हा विषय कुणाला घ्यायचा असेल, तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ आहे. तिथल्या कुणा मार्गदर्शकाशी बोलून निरोगी प्रौढ कुत्रे निवडा, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एकालाच व्यायाम द्या. मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. लिगामेंट तुटायची वाट बघायला वर्षं लागतील; आधी मांडीचा घेर आणि पायांवर पडणारा भार मोजा. अभ्यास छोटा होईल, पण फरक दिसलाच तर तो व्यायामाचा होता असं म्हणायला तुमच्याकडे आधार असेल.