आउएनब्रुगर यांचा ‘इन्व्हेंटम नोव्हम’ : अठराव्या शतकातील फुप्फुसरोग-निदानाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात १७६१ हे वर्ष दोन ग्रंथांमुळे महत्त्वाचे ठरते. पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी आयुष्यभर केलेल्या शवविच्छेदनांचे सार याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि रोगाचे स्थान शरीराच्या विशिष्ट अवयवात शोधावे, हा विचार दृढ केला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे लेओपोल्ड आउएनब्रुगर (१७२२–१८०९) यांचे ‘इन्व्हेंटम नोव्हम’ म्हणजेच ‘नवा शोध’ हे अवघे ९५ पृष्ठांचे लॅटिन पुस्तक प्रकाशित झाले. जिवंत माणसाच्या छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून आतील रोग ओळखता येतो, हे या पुस्तकाचे प्रतिपादन होते. मोर्गान्यी यांच्या ग्रंथाला तत्काळ मान्यता मिळाली. आउएनब्रुगर यांचे पुस्तक मात्र जवळजवळ अर्धशतक उपेक्षित राहिले.

या उपेक्षेची कथा बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. ग्राट्स येथील खानावळवाल्याचा मुलगा लहानपणी तळघरातील मद्याची पिंपे ठोकून ती किती भरली आहेत हे पाहत असे. पुढे त्याने तीच युक्ती छातीवर वापरली. मत्सरी समकालीनांनी त्याची दखल घेतली नाही. अखेरीस नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी त्याला न्याय दिला. ही कथा मनोरंजक आहे, परंतु तिच्यामुळे मूळ पुस्तकाचे वाचन मागे पडते. आउएनब्रुगर यांचे खरे योगदान ठोकण्याच्या कृतीत आहे की अन्यत्र, आणि त्यांच्या पुस्तकाची उपेक्षा केवळ व्यक्तींच्या दोषामुळे झाली काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुस्तकाचे स्वरूप आणि पद्धती

पुस्तकाची रचना सूत्रे आणि त्यांवरील टिपा अशी आहे. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापडाने झाकलेल्या ढोलासारखा असतो, या विधानापासून विवेचनास आरंभ होतो. त्यानंतर परीक्षेची कृती येते. बोटांची टोके एकत्र जुळवून, बोटे सरळ ठेवून, हळुवारपणे छातीवर ठोकावे. रुग्णाच्या अंगावरील सदरा ताणून घ्यावा, नाहीतर वैद्याने हातमोजा घालावा. कारण त्वचेवर त्वचा आपटल्याने निघणारा आवाज खऱ्या आवाजात मिसळतो. रुग्णाचा श्वास नेहमीप्रमाणे चालू असताना एकदा आणि पूर्ण श्वास घेऊन रोखला असताना पुन्हा एकदा परीक्षा करावी. स्थूल व्यक्तीच्या छातीचा आवाज मुळातच मंद असतो आणि हृदयाच्या जागी तो अधिक बद्द येतो, हेही लक्षात ठेवावे.

ही सावधगिरी महत्त्वाची आहे. पोटावर ठोकून वायू आणि पाणी यांतील भेद ओळखणे प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होते. चरकसंहितेतील उदररोगांच्या वर्णनातही फुगवलेल्या चामडी पिशवीसारख्या आवाजाचा उल्लेख येतो. म्हणजे ठोकून पाहणे ही कृती नवी नव्हती. बरगड्यांनी वेढलेल्या छातीसाठी तिची शिस्तबद्ध परीक्षा बनवणे, निरोगी आवाजाचे माप आधी निश्चित करणे आणि मग त्यापासून होणारा प्रत्येक फरक अर्थपूर्ण मानणे, हे नवे होते.

पिंपाची कथा येथे अपुरी पडते. पिंप ठोकल्याने ते किती भरले आहे हे कळते; त्यात काय आहे हे कळत नाही. खानावळवाल्याला शंका आली तर तो पिंप उघडून पाहू शकतो. वैद्याला छाती मृत्यूनंतरच उघडता येते. आउएनब्रुगर यांनी नेमके हेच केले. व्हिएन्नातील स्पॅनिश रुग्णालयात सुमारे सात वर्षे त्यांनी जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर उघडलेल्या छातीत दिसलेली विकृती यांची सांगड घातली. शवाच्या छातीत पाणी भरून, ते जिथवर चढते तिथवरच आवाज बद्द होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. पिंप ते छाती हा प्रवास केवळ साधर्म्याचा नाही. शवविच्छेदनाच्या साक्षीने साधर्म्याचे पुराव्यात रूपांतर करण्याचा तो प्रवास आहे.

निदान आणि उपचार यांतील अंतर

बद्द आवाजावरून आउएनब्रुगर फुप्फुसाचे काठिण्य, पुवाने भरलेले गळू, छातीतील जलसंचय, फुप्फुसावरणात साचलेला पू, हृदयावरणातील पाणी अशा अवस्था ओळखतात. पण या निदानाचा रुग्णाला उपयोग काय, हा प्रश्न समकालीन वैद्यांच्या दृष्टीने स्वाभाविक होता.

अठराव्या शतकात छातीच्या विकारांवर रक्तमोक्षण, फोड आणणारे लेप, कफ सुटण्यासाठी औषधे, अफू, गाढविणीचे दूध, घोडेस्वारी, हवापालट आणि समुद्रप्रवास असे उपचार केले जात. यांपैकी बहुतेक उपचार रोग फुप्फुसाच्या कोणत्या भागात आहे यावर अवलंबून नव्हते. ते ताप, खोकला, नाडी, रुग्णाची प्रकृती आणि त्याची राहणी यांवरून ठरत. सोव्हाज यांनी १७६३ मध्ये आणि कलन यांनी १७६९ मध्ये मांडलेली रोगांची वर्गीकरणे प्रामुख्याने लक्षणांवर आधारलेली होती. एडिंबरो येथील कलन यांना दूरदूरचे रुग्ण पत्राने आपली व्यथा कळवत आणि पत्रानेच सल्ला मिळवत. असा हजारो पत्रांचा व्यवहार आजही जतन केलेला आहे. जे वैद्यक रुग्णाला न पाहता, त्याच्या निवेदनावरून चालू शकत होते, त्याला छाती ठोकण्याची निकड भासली नाही, यात आश्चर्य नाही.

याला एक ठळक अपवाद होता. छातीत साचलेले पाणी किंवा पू छेद देऊन काढण्याचा उपाय हिपोक्रेटिक काळापासून ज्ञात होता. त्यातील मोठा धोका जागा चुकण्याचा होता. ताडन-परीक्षेने द्रवाची बाजू आणि पातळी कळू शकत होती. येथे निदान थेट उपचाराची दिशा ठरवत होते. परंतु छेद देणे हे शल्यविशारदाचे काम होते आणि विद्यापीठात शिकलेला वैद्य त्या हस्तव्यवसायापासून दूर राहत असे. ज्या ठिकाणी नवी पद्धत सर्वाधिक उपयोगी ठरली असती, ते ठिकाण वैद्यांच्या प्रतिष्ठेच्या सीमेबाहेर पडले होते.

उपेक्षेची मीमांसा

समकालीनांनी पुस्तकाकडे पूर्णतः पाठ फिरवली, हे विधानही तपासून घ्यावे लागते. हाल्लर यांच्यासारख्या मान्यवर शास्त्रज्ञाने त्याचे अनुकूल परीक्षण केले. उलट फोगेल यांनी त्याची गल्लत रुग्णाला हलवून छातीतील द्रवाचा आवाज ऐकण्याच्या हिपोक्रेटिक पद्धतीशी केली. १७७० मध्ये रोझिएर द ला शासान्य यांनी पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले. मात्र आपण ही पद्धत स्वतः वापरून पाहिलेली नाही, अशी कबुलीही दिली. व्हिएन्नातील प्रमुख वैद्य द हान यांनी तापमापकाचा आग्रहाने पुरस्कार केला, परंतु ताडन-परीक्षेविषयी मौन पाळले. नव्या साधनांना विरोध हे या मौनाचे कारण म्हणता येत नाही.

याचे एक कारण खुद्द पुस्तकात आहे. तापमापक अंक दाखवतो. तो अंक दुसऱ्याला वाचता येतो आणि लिहून पाठवता येतो. आवाज मात्र ऐकावा लागतो. ‘अधिक उंच’, ‘बद्द’, ‘मांसावर ठोकल्यासारखा’ हे शब्द ज्याने तो आवाज ऐकला आहे त्यालाच कळतात. आउएनब्रुगर यांना संगीताची उत्तम जाण होती. सालिएरी यांच्या १७८१ च्या एका संगीतिकेची संहिता त्यांनीच लिहिली. तरीही आवाजाचे अधिक नेमके वर्णन त्यांनी केलेले नाही. सविस्तर रुग्णवृत्तांतही फारसे नाहीत. सूत्रबद्धता हा पुस्तकाचा गुण आहे, तशीच ती त्याची मर्यादाही आहे. ही विद्या पुस्तकातून नव्हे, तर गुरूच्या शेजारी, रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहूनच शिकता येण्यासारखी होती.

पुढील इतिहास याला पुष्टी देतो. द हान यांच्यानंतर श्टोल यांनी व्हिएन्नातील रुग्णालयात ही परीक्षा वापरली, पण १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर परंपरा क्षीण झाली. कोर्व्हिसार यांना श्टोल यांच्या लेखनातूनच तिचा परिचय झाला. क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये मोठी रुग्णालये, नियमित शवविच्छेदन आणि वैद्यक व शल्यचिकित्सा यांचे एकत्र शिक्षण या गोष्टी जुळून आल्या होत्या. कोर्व्हिसार यांनी वर्षानुवर्षे पडताळा घेतला आणि १८०८ मध्ये मूळ पुस्तकाच्या कित्येक पट मोठ्या भाष्यासह भाषांतर प्रसिद्ध केले. हा शोध स्वतःच्या नावावर मांडणे शक्य असूनही त्यांनी श्रेय मूळ लेखकाला दिले. त्यांच्याच परंपरेतील लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप शोधला.

घरची ओढ लागलेले सैनिक

पुस्तकातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग फुप्फुसाच्या काठिण्याच्या कारणांसंबंधी आहे. सक्तीने सैन्यात भरती झालेले तरुण, आपण सुखरूप घरी परतू ही आशा संपल्यावर, उदास व अबोल होतात. सुस्कारे टाकतात आणि शेवटी जगण्याविषयीच उदासीन बनतात. औषधे, समजावणे, आश्वासने यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. शरीर झिजत जाते आणि छातीच्या एका बाजूचा आवाज बद्द होतो. अशा अनेकांची शवे उघडली असता फुप्फुसे आवरणाला घट्ट चिकटलेली आणि बद्द आवाजाच्या बाजूला कठीण व पूयुक्त झालेली आढळली, असे आउएनब्रुगर नोंदवतात. हा विकार पूर्वी पुष्कळ आढळे. ठरावीक मुदतीची भरती सुरू झाल्यापासून घरी परतण्याची आशा राहते आणि तो विरळा झाला, असेही ते सांगतात.

आजच्या ज्ञानानुसार हे वर्णन बहुतांशी फुप्फुसाच्या क्षयाशी जुळते. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये कॉख यांनी दाखवून दिला. दुःखाने क्षय होतो हे आउएनब्रुगर यांचे कारणनिदान त्या अर्थाने टिकत नाही. तथापि या उताऱ्याचे मोल त्यामुळे संपत नाही. एन. डी. ज्यूसन यांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले की, रुग्णालयीन वैद्यकाच्या उदयाबरोबर ‘आजारी माणूस’ वैद्यकाच्या विश्वातून नाहीसा झाला आणि त्याची जागा अवयवातील विकृतीने घेतली. रुग्णाच्या निवेदनाऐवजी त्याच्या छातीच्या आवाजावर विश्वास ठेवणारे हे पुस्तक त्या स्थित्यंतराचा आरंभ मानता येईल. परंतु या उताऱ्यात तोच लेखक आवाज, शवातील विकृती, सैनिकाचे मौन आणि भरतीचा नियम या चारही गोष्टी एकाच साखळीत गुंफतो. ज्यूसन यांची मांडणी या पुस्तकाला सरसकट लागू करता येत नाही.

त्याच वेळी एक अस्वस्थ करणारी बाबही नोंदवली पाहिजे. पत्राने सल्ला घेणारा धनिक आपल्या व्यथेचे वर्णन स्वतः करू शकत होता. ज्यांच्या छातीवर ही विद्या घडली आणि ज्यांच्या शवांनी तिला पुरावा दिला, त्या सैनिकांना असे स्वातंत्र्य नव्हते. त्यांपैकी एकाचेही स्वतःचे शब्द पुस्तकात नाहीत.

समारोप

‘इन्व्हेंटम नोव्हम’ हे उपेक्षित प्रतिभेचे स्मारक म्हणून वाचल्यास त्यातील मुख्य गोष्ट निसटते. छातीचे काही गंभीर विकार या परीक्षेने कळत नाहीत, असे लेखक स्वतः नमूद करतात; आपले काम अपुरे असून इतरांनी ते पूर्ण करावे, असेही प्रस्तावनेत सांगतात. दाव्याची ही मर्यादशीलता आणि शवविच्छेदनाने घेतलेला पडताळा, यांत या पुस्तकाची शास्त्रीयता आहे. आपल्या काळातील उपचारपद्धतीत त्याला फारसे स्थान मिळाले नाही, कारण त्याने विचारलेला ‘रोग कोठे आहे?’ हा प्रश्न त्या उपचारपद्धतीचा नव्हता. तो प्रश्न पुढे वैद्यकाचा मध्यवर्ती प्रश्न झाला आणि क्ष-किरणांच्या १८९५ मधील शोधाने त्याला अधिक स्पष्ट उत्तर मिळाले. सैनिकांविषयीच्या उताऱ्यात मात्र ‘रोग कोठे आहे?’ या प्रश्नाबरोबर ‘हा माणूस येथे कसा आला?’ हा दुसरा प्रश्नही उपस्थित होतो. फुप्फुसरोगाच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकाच लेखकाने, एकाच पानावर विचारल्याची उदाहरणे थोडी आहेत. म्हणून या छोट्या पुस्तकाचे पुनर्वाचन आवश्यक ठरते.