‘इच्छामरण’ : एका शब्दाची चिकित्सा

मृत्यूचा स्वेच्छेने स्वीकार करणाऱ्यांसाठी मराठीला शब्दांची वाण कधी पडली नाही. ज्ञानदेवांची समाधी, जैनांची सल्लेखना, १९६६ मधील सावरकरांचे आत्मार्पण, १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध वर्ज्य करून विनोबांनी केलेले प्रायोपवेशन, या प्रत्येक नावामागे एक समर्थ ‘मी’ उभा आहे. निर्णय ज्याचा, देहही त्याचाच. ‘इच्छामरण’ हा शब्द याच कुळातला. त्याच्याभोवती भीष्माच्या वरदानाचे वलय आहे.

हाच शब्द अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी सर्रास वापरला गेला, तेव्हा त्याची अपुरी ताकद उघडी पडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयात पडून होती. तिचे अन्न थांबवावे, अशी याचना लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. मग येथे इच्छा कोणाची?

७ मार्च २०११ च्या निकालपत्राचा आरंभ गालिबच्या एका शेराने होतो. शेरातील वक्ता मरणाची ओढ स्वतःच्या तोंडाने सांगतो. अरुणा मात्र काहीच सांगू शकत नव्हत्या. मुक्या वेदनेवर वाणीचे आरोपण करण्याचा काव्याचा हा जुना मोह होय. निकालाचे गद्य त्यातून सुटते. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ते विचारते, तो शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना देते आणि याचिका फेटाळते. मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविण्याची वाटही मोकळी करते. येथे गद्य काव्याहून अधिक सत्यनिष्ठ ठरले, असे म्हणावे लागते.

‘दयामरण’ हा पर्यायही समाधानकारक नाही. त्यात मरणाऱ्यापेक्षा दया करणाराच मोठा होतो. वस्तुतः आपल्या बोलीत एक साधे क्रियापद आहे: ‘मरू देणे’. ‘मारणे’ याहून ते स्पष्टपणे वेगळे आहे. पण त्यातील ‘देणे’ कर्त्याला लपू देत नाही. कोणीतरी हे होऊ दिले, ही जबाबदारी ते व्याकरणातच नोंदवते.

२०१८ मध्ये घटनापीठाने पूर्वलिखित निर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. ज्याने शुद्धीत असताना असे लिहून ठेवले, त्याच्यापुरता ‘इच्छा’ हा शब्द पुन्हा सार्थ झाला. परंतु बहुसंख्य माणसे काहीही न लिहिता शय्येवर पडतात, आणि निर्णय दाराबाहेर थांबलेल्या मुलाला, पत्नीला, डॉक्टरला घ्यावा लागतो. त्यांच्या वाट्याला ना भीष्माचे तेज येते, ना आत्मार्पणाचा गौरव. स्वतः मरणाऱ्या वीराची भाषा मराठी साहित्याने पुष्कळ घडविली; दुसऱ्याला मरू देणाऱ्या सामान्य माणसाची भाषा घडविणे, हे आता त्याचे कर्तव्य आहे.