गांडुळासमोर पियानो

बारावीच्या प्रयोगशाळेत मी गांडूळ पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते मेलेलं होतं. मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवलेलं. पाठीवरून उभा छेद घ्यायचा, कातडी दोन्ही बाजूंना वळवायची आणि वलयं मोजत जायचं. चौदाव्यापासून सोळाव्यापर्यंत तो जाडसर पट्टा, पुढे लांबच लांब आतडं. आकृती काढली, नावं दिली, गुण मिळाले. जिवंत गांडुळाशी ओळख त्याआधीची, पण तीही काही सन्मानाची नव्हती. पावसाळ्यात अंगणात निघालेल्या गांडुळावर मीठ टाकून ते कसं वळवळतं हे आमच्या पिढीतल्या बहुतेक पोरांनी पाहिलेलं आहे. आणि बोलीत तर गांडूळ ही शिवीच. ज्याला कणा नाही, जो कुणापुढेही सरपटतो, तो गांडूळ.

शिवीत अडकलेल्या या प्राण्याची मला खरी ओळख करून दिली ती चार्ल्स डार्विनच्या शेवटच्या पुस्तकाने. १० ऑक्टोबर १८८१ रोजी ते लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. नाव लांबलचक आणि मुद्दाम कोरडं ठेवल्यासारखं: गांडुळांच्या कामातून सुपीक मातीचा थर कसा तयार होतो आणि त्यांच्या सवयी काय असतात, एवढाच त्याचा अर्थ. लेखक बहात्तर वर्षांचा, जगप्रसिद्ध. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताने सगळं जग हलवून झालेलं. अशा माणसाने निरोपाला विषय कुठला निवडावा, तर पायाखालचा. तरीही काही आठवड्यांतच त्याच्या हजारो प्रती खपल्या, आणि ‘पंच’ या साप्ताहिकाने डार्विन आणि गांडूळ यांचं व्यंगचित्रही काढलं.

विषय नवा नव्हता. त्याचं मूळ डार्विनच्या मामाच्या घरी होतं. ‘बीगल’ जहाजावरचा प्रवास आटोपून तो परतला, तेव्हा स्टॅफर्डशरमधल्या मेअर या गावी मामाने, म्हणजे जोसाया वेजवूडने, त्याला एक कुरण दाखवलं. काही वर्षांपूर्वी त्यावर चुना आणि निखाऱ्यांची राख पसरली होती. आता ती वर दिसत नव्हती. खणलं, तर काही इंच खाली तिचा सलग थर. मामाचं म्हणणं होतं की हे काम गांडुळांचं. भाच्याने ते मनावर घेतलं आणि नोव्हेंबर १८३७ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे या मामाची मुलगी एमा हिच्याशीच त्याचं लग्न झालं. मामाच्या घरून बायको आणली हे आपल्याकडे कुणालाही सहज पटेल, पण सोबत चव्वेचाळीस वर्षं पुरेल असा प्रश्नही आणणारा भाचा विरळाच.

पुस्तक सात प्रकरणांचं आहे, आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मातीच्या थरापासून सुरुवात केली असती तर ते भूशास्त्राचं पुस्तक झालं असतं. डार्विन आधी प्राण्याची भेट घालून देतो. कुंड्यांत माती भरून त्याने गांडुळं थेट अभ्यासिकेत आणून ठेवली आणि रात्री दिवे घेऊन तो त्यांच्यापाशी बसू लागला. गांडुळाला डोळे नाहीत, मग उजेड कळतो का? कळतो, शरीराच्या पुढच्या टोकाला, जिथे मेंदूवजा मज्जातंतूंची गाठ असते. ऐकू येतं का? इथे सगळ्या पुस्तकातला सर्वांत गमतीचा प्रसंग येतो. धातूची कर्कश शिट्टी वाजवून झाली. सनईसारखी दुहेरी जिभळी असलेलं, पण खोल घुमणारं बासून हे वाद्य वाजवून झालं. ओरडून झालं. जवळ पियानो जमेल तितक्या जोराने वाजवला. गांडुळं ढिम्म. मग त्याच कुंड्या उचलून पियानोवर ठेवल्या आणि खालच्या सप्तकातला एक स्वर दाबला. त्याबरोबर गांडुळं झटकन बिळात. त्यांना कान नाहीत, पण कंपन मात्र ती सगळ्या अंगाने टिपतात.

हा प्रसंग वाचताना हसू येतं, आणि ते लेखकाला ठाऊक आहे. तरी तो त्या हसण्याला खतपाणी घालत नाही. शिट्टीपासून शेवटच्या स्वरापर्यंत त्याचा सूर एकच, नोंदवहीचा. म्हातारा शास्त्रज्ञ गांडुळांना संगीत ऐकवतो आहे या दृश्यातला विनोद आपोआप उमटतो, आणि त्याच्या तळाशी एक अत्यंत गंभीर गोष्ट असते: ऐकणं आणि जाणवणं यांतला फरक. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा फरक एका ओळीत संपतो. इथे तो डोळ्यांसमोर घडतो.

असाच एक बारकावा उजेडाच्या प्रयोगात आहे. एरवी उजेड पडताच आत पळणारं गांडूळ पान ओढण्यात गुंतलेलं असेल तर उजेडाकडे दुर्लक्ष करतं. दुसऱ्या कुणी ही नोंद अपवाद म्हणून सोडून दिली असती. डार्विन तिथेच थांबतो. कामात गढलेल्या प्राण्याला बाकीचं दिसेनासं होतं, याचा अर्थ त्याच्याकडे लक्ष नावाची गोष्ट आहे, असं तो सुचवतो. आणि लक्ष असेल तर मन नाही असं कसं म्हणायचं? उत्तर द्यायची तो घाई करत नाही. प्रश्न मात्र वाचकाच्या पदरात टाकून पुढे जातो.

त्यापुढचा भाग पानांचा. गांडुळं बिळाचं तोंड पानांनी बुजवतात. पान अरुंद टोकाकडून ओढलं तर सोपं जातं. हे त्यांना कळतं का? डार्विनने बिळांतून २२७ सुकलेली पानं बाहेर काढली. त्यांतली १८१ टोकाकडून ओढलेली होती. पण सवयीने तसं होत असेल तर? म्हणून त्याने ऱ्होडोडेंड्रॉनची पानं पाहिली, ज्यांतल्या पुष्कळांचा देठाकडचा भाग टोकापेक्षा अरुंद असतो. तिथे गांडुळांनी बहुतेक पानं देठाकडून ओढली होती. मग त्याने कागदाचे त्रिकोण कापले, ओलीने लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि रात्री जमिनीवर पसरले. अशा ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के निमुळत्या कोपऱ्याकडून आत गेले होते. कागदाचा त्रिकोण गांडुळाच्या वाडवडिलांनी कधी पाहिलेला नव्हता, ही या प्रयोगाची खुबी.

या पानांत मला डार्विनची शैली सर्वांत जास्त भावते. त्याने गांडुळाची स्तुती केलेली नाही, त्याच्यावर दयाही दाखवलेली नाही. त्याने ३०३ त्रिकोण कापले. एखाद्या क्षुद्र म्हटल्या जाणाऱ्या जिवाला काय जमतं हे तपासण्यासाठी कात्री घेऊन इतका वेळ बसणं, हा आदराचा माझ्या माहितीतला सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे. विशेषणं सगळ्यांनाच परवडतात.

तिसऱ्या प्रकरणापासून पुस्तकाची लय बदलते. एका गांडुळापाशी टेकलेली नजर उठते आणि शेतांवर, टेकड्यांवर जाते. गांडूळ माती आणि पानं गिळतं. त्याला दात नाहीत, पण पोटातल्या स्नायूंच्या जात्यात बारीक खडे असतात आणि त्यांवर सगळं दळलं जातं. उरलेली माती विष्ठेच्या गुंडाळ्या होऊन वर येते. या गुंडाळ्यांच्या चित्रांत एक चित्र कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातलं आहे, मनोऱ्यासारखं उभं, आणि एक निलगिरीतलं. आपल्या अंगणातही पावसाळ्यात हेच मनोरे उभे असतात.

मग आकडे येतात. जर्मन शास्त्रज्ञ हेन्सन याच्या हिशेबाने बागेच्या जमिनीत एकरी ५३,७६७ गांडुळं. डार्विनचा स्वतःचा निष्कर्ष असा की इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर वर्षी एकरी दहा टनांहून जास्त माती त्यांच्या शरीरातून जाते. आकडा एवढा मोठा की वाचक बिचकावा, म्हणून लगेच पुरावा. डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या कुरणावर खडू पसरला होता. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला. पांढरी रेघ सात इंच खाली. एकोणतीस वर्षं हा माणूस एका रेघेची वाट पाहत होता, आणि दरम्यान सगळं जग त्याच्याशी उत्क्रांतीवरून भांडत होतं.

दुसरं शेत त्याच्या मुलांच्या आठवणीतलं. ते इतकं दगडाळ की उतारावरून धावताना पायांखाली गोटे खडखडायचे. हे दगड झाकलेले पाहायला आपण जगू की नाही, अशी बापाला शंका. तीस वर्षांनी त्याच शेतातून घोडा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरधाव गेला असता आणि नालेला एक गोटा लागला नसता. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण मुलांना बचत शिकवण्यासाठी वापरतो. इथे तीच म्हण भूगोलाचा नियम होऊन येते. १८६९ मध्ये एका टीकाकाराने म्हटलं होतं की एवढं दुबळं, एवढंसं गांडूळ एवढं मोठं काम करूच शकत नाही. डार्विनने त्याला दिलेलं उत्तर गांडुळांपुरतं नाही. सतत घडणाऱ्या लहान कारणांची बेरीज माणसाला करता येत नाही, आणि भूशास्त्रालाही, उत्क्रांतीलाही याच कमतरतेमुळे विरोध झाला, असं तो म्हणतो. आयुष्यभराच्या कामाचं सूत्र त्याने गांडुळाच्या निमित्ताने सांगून टाकलं आहे.

चौथं प्रकरण जुन्या इमारतींचं. सरे परगण्यातल्या ॲबिंजरच्या रोमन घराची फरशी जमिनीखाली कशी गेली, याचा शोध तो घेतो. गांडुळं फरशीखालून माती वर आणतात, बिळं खचतात आणि फरशी हळूहळू खाली बसते. वर मात्र मातीचं पांघरूण चढत जातं. प्राचीन वस्तू शोधणाऱ्यांनी गांडुळांचे आभार मानायला हवेत, असं त्याचं मत.

पुस्तकात उणं काही नाही असं नाही. धूप आणि उतार यांवरची पाचवं आणि सहावं ही प्रकरणं मोजमापांनी जड झाली आहेत. गांडुळांच्या ‘बुद्धी’बद्दल तो जरा पुढे जातो. पानाचा देठ आणि टोक यांच्या चवीतल्या फरकानेही निवड होत असेल, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. शिवाय आज गांडूळखतासाठी पाळली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात वरच्या वर कचरा खाणारी. डार्विनची गांडुळं खोल बिळं करणारी, जमीन उलथवणारी. खताची टाकी भरली म्हणजे शेतातल्या मातीचं काम झालं असं नाही, हे या पुस्तकाच्या वाचकाला आपोआप कळतं.

शेवट मात्र अफलातून आहे. नांगर हा माणसाचा फार जुना शोध, पण माणूस यायच्या कितीतरी आधीपासून गांडुळं जमीन नांगरत आली आहेत, अशा उंचीवर तो वाचकाला नेतो. कुणीही लेखणी तिथे खाली ठेवली असती. डार्विन आणखी एक वाक्य लिहितो: गांडुळांहूनही साध्या रचनेच्या प्रवाळांनी सागरात बेटं उभारून याहून ठळक काम केलं आहे, पण ती बहुतेक उष्ण कटिबंधापुरती. कळस चढवून झाल्यावर केलेली ही दुरुस्ती वाचताना आधी रसभंग वाटतो. मग आठवतं की प्रवाळबेटं हाच त्याच्या १८४२ सालच्या पुस्तकाचा विषय होता. तरुणपणी समुद्रात पाहिलेलं म्हातारपणी अंगणात सापडलं, आणि दोन्हीकडे काम करणारे लहानच होते.

डाउन या आपल्या गावच्या स्मशानभूमीतच विसावायचं आहे, असं त्याच्या मनात होतं. १९ एप्रिल १८८२ रोजी तो गेला. देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं, दगडी फरशीखाली.