नियामक परिणाम व बहुचल समाश्रयण

नियामक परिणाम व बहुचल समाश्रयण : एका चलाचा दुसऱ्या चलावर होणारा परिणाम तिसऱ्या चलाच्या मूल्यानुसार कमीअधिक होत असेल किंवा त्याची दिशाच पालटत असेल, तर त्या तिसऱ्या चलास ‘नियामक चल’ आणि या घटनेस ‘नियामक परिणाम’ असे म्हणतात. ताणामुळे खिन्नता वाढते. परंतु आप्तेष्टांचा आधार असलेल्या व्यक्तींत ही वाढ कमी असते, या विधानात आधार हा नियामक चल होय. ताणामुळे झोप उडते व झोप उडाल्यामुळे खिन्नता येते, या विधानातील झोप हा मात्र ‘मध्यस्थ चल’ होय. पहिल्या विधानाने ‘कोणाच्या बाबतीत व कोणत्या परिस्थितीत’ या प्रश्नाचे, तर दुसऱ्याने ‘कोणत्या मार्गाने’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. हा भेद बॅरन व केनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ मधील लेखामुळे सर्वत्र रूढ झाला.

इतिहास : या कल्पनेचे मूळ शेतीविषयक प्रयोगांत आढळते. इंग्लिश सांख्यिकीविज्ञ रॉनल्ड फिशर यांनी मॅकेंझी यांच्यासह १९२३ मध्ये बटाट्याच्या निरनिराळ्या वाणांना खतांचा प्रतिसाद सारखाच मिळतो की वेगवेगळा, याचे विश्लेषण केले. ‘नियामक चल’ ही संज्ञा मानसशास्त्रीय पूर्वानुमानाच्या क्षेत्रात डेव्हिड साँडर्स यांच्या १९५६ मधील लेखाने प्रचारात आली. तथापि पुढेही अनेक वर्षे संशोधक वय, बुद्धिगुणांक किंवा चिंता यांसारख्या सलग चलांचे मध्यकापाशी ‘उच्च’ व ‘नीच’ असे दोन तुकडे पाडून प्रचरण-विश्लेषण करीत. या पद्धतीत मध्यकाच्या अगदी अलीकडची व पलीकडची व्यक्ती एकमेकींहून पूर्णतः भिन्न ठरते आणि बरीच माहिती वाया जाते. जेकब कोहेन यांनी १९६८ मध्ये प्रचरण-विश्लेषण हा बहुचल समाश्रयणाचाच एक विशेष प्रकार असल्याचे मानसशास्त्रज्ञांपुढे स्पष्टपणे मांडले. त्यामुळे सलग चलांचे तुकडे न पाडता आंतरक्रिया तपासणे सुलभ झाले. एकेन व वेस्ट यांच्या १९९१ मधील ग्रंथाने या पद्धतीला आजचे रूप दिले.

गणिती रूप : फलरूप चल ‘य’, कारणरूप चल ‘क्ष’ व नियामक चल ‘झ’ मानल्यास समीकरण पुढीलप्रमाणे मांडतात :

य = अ + ब क्ष + क झ + ड (क्ष × झ).

यात क्ष चा परिणाम (ब + ड झ) एवढा असतो. म्हणजे तो झ बरोबर बदलतो. ड शून्य असल्यास नियमन नाही; म्हणून ‘ड = ०’ ही शून्य परिकल्पना तपासणे हीच नियामक परिणामाची कसोटी होय. कसोटी दिसण्यास सोपी असली, तरी तिच्या निष्कर्षांचे वाचन सोपे नाही. गोव्यातील एका प्रसिद्ध प्रयोगाच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

गोव्यातील उदाहरण : १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या गोव्यातील संस्थेच्या द्वारा विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी डॉक्टरांचे दवाखाने त्यासाठी निवडण्यात आले. त्यांपैकी काही केंद्रांत खिन्नता व चिंता यांनी ग्रस्त असलेल्या रुग्णांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांची मदत देण्यात आली. उरलेल्या केंद्रांत नेहमीची सेवा काहीशी सुधारून देण्यात आली. कोणत्या केंद्रात काय द्यावयाचे, हे यदृच्छेने ठरविण्यात आले. सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सरकारी केंद्रांत समुपदेशनासह ६५·९% व नेहमीच्या सेवेने ४२·५% आढळले. खाजगी दवाखान्यांत हेच प्रमाण अनुक्रमे ६४·१% व ६५·९% होते. येथे केंद्राचा प्रकार हा नियामक चल ठरतो.

समुपदेशन असल्यास क्ष = १, नसल्यास ०; सरकारी केंद्र असल्यास झ = १, खाजगी असल्यास ०, असे मानल्यास वरील चार टक्केवारींवरून अ = ६५·९, ब = -१·८, क = -२३·४ व ड = २५·२ अशा किंमती मिळतात. ड म्हणजे दोन फरकांमधील फरक होय : सरकारी केंद्रांतील २३·४ चा लाभ वजा खाजगी दवाखान्यांतील -१·८ चा लाभ.

गुणांकांचे वाचन : आता केवळ संकेतन उलट करून खाजगीला १ व सरकारीला ० दिल्यास ब ची किंमत -१·८ ऐवजी २३·४ होते, ड चे फक्त चिन्ह बदलते. आकडे तेच, समीकरण तेच. तरीही समुपदेशनाचा ‘मुख्य परिणाम’ एकदा नगण्य व एकदा मोठा दिसतो. याचे कारण असे की, गुणाकारपद असताना ब हा सर्वसाधारण परिणाम नसून झ = ० असतानाचा परिणाम असतो. अनेक प्रबंधांत ब ला ‘एकूण परिणाम’ समजून अर्थ लावलेला आढळतो; ती चूक होय. सलग चलांच्या बाबतीत झ चे शून्य कित्येकदा निरर्थक असते (उदा., वय शून्य वर्षे). म्हणून चलांतून त्यांचा मध्य वजा करण्याची प्रथा आहे. तिने वाचन सुकर होते. परंतु ड ची किंमत वा तिची सार्थकता बदलत नाही. मध्य वजा केल्याने कसोटी बलवान होते, हा समज चुकीचा आहे.

दोन निकालांची तुलना : प्रसिद्ध अहवालानुसार सरकारी केंद्रांत बरे होण्याचे गुणोत्तर १·५५ (९५% विश्वास अंतराल १·०२ ते २·३५) व खाजगी दवाखान्यांत ०·९५ (०·७४ ते १·२२) आहे. पहिल्या अंतरालात १ ही किंमत येत नाही, दुसऱ्यात येते. एवढ्यावरून नियमन सिद्ध झाले असे मानण्याचा मोह होतो. परंतु एका गटात परिणाम सार्थ व दुसऱ्यात असार्थ असणे म्हणजे दोन्ही परिणामांतील फरक सार्थ असणे नव्हे. हा मुद्दा गेलमन व स्टर्न यांनी २००६ मध्ये ठामपणे मांडला. फरकाची कसोटी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. वरील आकड्यांवरून लघुगणकांच्या साहाय्याने स्थूल गणित केल्यास दोन गुणोत्तरांचे परस्परप्रमाण सु. १·६३ व त्याचा विश्वास अंतराल सु. १·०० ते २·६५ येतो. म्हणजे पुरावा सार्थकतेच्या अगदी उंबरठ्यावर आहे. नियमनाच्या बाजूने तो झुकतो, परंतु प्रश्न निकालात काढण्याइतका तो बळकट नाही.

यात प्रयोगकर्त्यांचा दोष नाही. ही कसोटीच दुर्बल असते. समान आकाराच्या चार गटांत दोन फरकांमधील फरकाची प्रमाण त्रुटी एकूण परिणामाच्या प्रमाण त्रुटीच्या दुप्पट असते. त्यामुळे तेवढाच मोठा नियामक परिणाम तेवढ्याच खात्रीने ओळखण्यास चौपट नमुना लागतो. त्यातच यदृच्छ वाटप व्यक्तींचे नसून केंद्रांचे असल्यास रुग्ण हजारो असले, तरी खरी संख्या केंद्रांचीच राहते. प्रश्नावलींच्या संशोधनात आणखी एक अडचण येते. मध्य वजा केलेल्या व परस्परांशी असहसंबंधित अशा दोन चलांची विश्वसनीयता प्रत्येकी ०·८ असली, तरी त्यांच्या गुणाकाराची विश्वसनीयता ०·६४ इतकीच उरते. मॅक्लेलंड व जड यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे क्षेत्रीय पाहण्यांत दोन्ही चलांची टोकाची मूल्ये एकत्र क्वचितच आढळतात, हेही या दुर्बलतेचे एक कारण होय. म्हणून ‘नियमन आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘नियमन नाही’ असा करू नये. उलट दहा चले आळीपाळीने तपासून एखादे सार्थ निघाले, तर तेही संशयानेच पाहावे.

मोजपट्टीचा प्रश्न : एका गटात प्रमाण २० वरून ४० वर आणि दुसऱ्यात ४० वरून ६० वर गेल्यास वजाबाकीच्या मोजपट्टीने दोन्ही लाभ सारखेच ठरतात, गुणोत्तराच्या मोजपट्टीने मात्र पहिला दुप्पट व दुसरा दीडपट ठरतो. अशा वेळी नियमन आहे की नाही, हे वस्तुस्थितीपेक्षा मोजपट्टीच्या निवडीवर अवलंबून राहते. गोव्याच्या उदाहरणात एका बाजूचा परिणाम जवळजवळ शून्य असल्याने हा आक्षेप फारसा लागू पडत नाही. परंतु मानसशास्त्रातील बहुतेक गुणांकन-पट्ट्यांना तो लागू पडतो.

मूल्यमापन : कसोटीत टिकलेल्या गुणाकारपदाचाही अर्थ शेवटी मूळ चार आकड्यांतच शोधावा लागतो. गोव्यातील समुपदेशन मिळालेले रुग्ण सरकारी केंद्रांत ६५·९% व खाजगी दवाखान्यांत ६४·१%, म्हणजे जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. सारा फरक समुपदेशन न मिळालेल्या रुग्णांत आहे : ४२·५ विरुद्ध ६५·९. तेव्हा ‘समुपदेशन खाजगी दवाखान्यांत निष्फळ ठरले’ हे वाचन अपुरे आहे. तेथील नेहमीच्या सेवेनेच रुग्ण तितके बरे होत होते, असे म्हणणे आकड्यांना अधिक धरून होईल. शिवाय केंद्राचा प्रकार यदृच्छेने ठरविलेला नव्हता. सरकारी केंद्रात जाणारा व खाजगी डॉक्टरकडे जाणारा रुग्ण उत्पन्न, शिक्षण, आजाराची तीव्रता किंवा डॉक्टरशी असलेला परिचय यांतही भिन्न असू शकतो. समुपदेशनाचा परिणाम प्रयोगाने सिद्ध होतो; नियामक चलाची भूमिका मात्र केवळ निरीक्षणावर आधारलेली असते. समीकरणात ही दोन्ही पदे शेजारी असली, तरी त्यांच्या पुराव्याची प्रत समान नसते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपूर येथे आहे. परंतु खिन्नतेचे बहुसंख्य रुग्ण तेथवर पोहोचत नाहीत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार खिन्नतेवर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४·३% वरून २७·२% वर गेले. हा अभ्यास आधी व नंतर केलेल्या पाहण्यांचा असल्याने कोणत्या ठिकाणी समुपदेशकाचा लाभ अधिक, हे त्यावरून ठरत नाही. विदर्भात समुपदेशक कोठे नेमावेत, हे ठरविताना गोव्यातील ड चा गुणांक जसाच्या तसा उचलून ‘सरकारीत नेमा, खाजगीत नको’ असा नियम करणे अनुचित ठरेल. त्या आकड्यांतून घेण्याजोगा बोध निराळा आहे : प्रथम त्या त्या ठिकाणी नेहमीच्या सेवेने किती रुग्ण बरे होतात, हे मोजावे, जेथे ते प्रमाण कमी, तेथे समुपदेशकास वाव अधिक. नियामक चलाचे नाव ‘सरकारी’ किंवा ‘खाजगी’ असे दिसत असले, तरी त्यामागचा खरा नियामक तेथील नेहमीच्या सेवेचा दर्जा असण्याचा संभव आहे. गुणाकारपदाची कसोटी फरक आहे की नाही एवढेच सांगते. तो फरक कशाचा, हे शोधण्याचे काम संशोधकाकडेच राहते.